विमलअक्कांचा फाटका मांडा

आमच्या घरात हल्ली सगळेच बायपोलर आहेत. जावई चहा मागतात आणि कप समोर आला की कॉफी म्हणतात, ते बायपोलर. गच्चीवरचा कूलर कधी गार हवा देतो, कधी नुसताच घरघरतो, तो बायपोलर. आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या नातीचा साहेब सोमवारी गोड बोलतो, गुरुवारी खेकसतो, म्हणून तो "एकदम बायपोलर आहे गं आजी."

मी फोनवर विचारलं, "आठवडाभर झोप नाही तरी ताजातवाना असतो का तो?"

"छे. तो मीटिंगमध्ये घोरतो."

"मग तो चिडका आहे. चिडक्याला चिडका म्हणावं. मोठे शब्द लोणच्यासारखे जपून वाढावेत."

"तू फार सीरियस होतेस."

होते. कारण तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत विमलअक्का बसल्या होत्या आणि तो त्यांच्यासाठी होता.

धुळ्याला देवपुरात आमची आणि अक्कांची भिंत एक होती. मी लग्न होऊन बोदवडहून आले होते, म्हणून त्यांनी माझं नावच टाकून दिलं आणि मला 'बोदवडवाली' करून टाकलं. त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. उंच, हाडापेराने मोठ्या, गालात कायम एक लवंग. उंबऱ्यावर बसताना एक पाय घरात, एक पाय ओट्यावर. मी विचारलं, असं का, तर म्हणाल्या, "घरमा कंटाळा उना की बाहेर, बाहेर कंटाळा उना की घरमा. उठानं काम नही." वांगं घ्यायचं तर ते गालाला लावून बघत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात. मुलगा शिकायला बाहेर. म्हणजे आठवडाभर अक्का कशा आहेत हे बघायला आम्ही गल्लीतल्या बायकाच होतो. आणि आमच्यासारख्या बघणाऱ्या असल्यावर माणसाला शत्रूची गरज नाही.

अक्कांची कीर्ती मांड्यांची. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्या खान्देशात पुरणाची पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर खेळवत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत नेतात आणि चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. मनगट एवढंसं चुकलं की भोक. अक्कांच्या मांड्याला भोक नसे. तो त्यांच्या हातांवरून असा लोंबायचा की पलीकडची चूल दिसावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरोघर येत, आमरसाबरोबर मांडे लागत, आणि निम्म्या देवपूरला वाटे की आपल्याकडे अक्काच याव्यात. त्याही कुणाला नाही म्हणत नसत. "मी शे ना," म्हणत. 'मी आहे ना', हा त्यांचा परवलीचा शब्द. बारसं असो, बाळंतपण असो, "मी शे ना."

आता ते भरीत.

एका मार्गशीर्षात अक्कांनी टेम्पोभर वांगी आणली. पिशवीभर नव्हे, टेम्पोभर. अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. अक्का नाचल्यासारख्या वाढत होत्या. एक गोष्ट सांगता सांगता दुसरी, दुसरीत तिसरी, आणि विनोद संपायच्या आत स्वतःच हसत होत्या. आम्ही बोटं चाटली. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. आम्ही परत बोटं चाटली. मग रोजच. पहाटे उठून बघावं तर अक्कांच्या अंगणात धूर. झोपल्या कधी विचारलं तर म्हणत, "झोपना कंटाळा उना." मधेच त्यांनी ठरवलं की भरिताचा कारखाना काढायचा आणि माल दुबईला पाठवायचा. शकूवहिनी, म्हणजे आमच्या गल्लीची बिनमानधनाची पुढारीण, म्हणाल्या, "बाई किती उत्साही. नाहीतर आपण."

आणि मी काय म्हणाले? मी बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर घेतला होता, तोही दुसऱ्या खेपेला सुटला होता. तेवढ्या पुंजीवर गल्लीत मीच मनाची तज्ज्ञ होते. मी सगळ्यांना समजावलं की अक्कांचं व्यक्तिमत्त्व बहिर्मुख आहे. सांगताना माझ्या हनुवटीला भरीत लागलेलं होतं, हे मला घरी आरशात कळलं.

शनिवारी नाना आले. जिन्यापासून गच्चीपर्यंत वांगीच वांगी. पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसून राहिले.

फाल्गुनात अक्कांचं दार बंद झालं. मी आत गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. केसांची जट झालेली. गालात लवंग नाही. "अक्का, काय होतंय?" तर फक्त एवढंच, "माले इचारू नको." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. गल्लीने लगेच निदान केलं. कुणी म्हणालं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं नाटकं आहेत, शकूवहिनी म्हणाल्या, "नवरा शनिवार-शनिवार येतो, मग बाईला दुसरं सुचायचं काय?"

मला मात्र स्वानुभव होता ना. माझं आणि आमच्या यांचं भांडण झालं की मी दोन-दोन दिवस अबोला धरून पडत असे. उपाय ठरलेला: हे बाजारातून झणझणीत शेवभाजी आणत, मी पहिल्या घासापर्यंत रुसलेली असे, दुसऱ्याला पाव मागत असे. मी तोच इलाज केला. तर्रीदार शेवभाजीचं ताट अक्कांपुढे ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, मनात चांगले विचार आणा. मी नाही का आणत?" संध्याकाळी ताट न्यायला गेले. शेव फुगून लगदा झालेली, वर तेल थिजलेलं, चमचासुद्धा हललेला नाही. मला अक्कांचा राग आला. एवढी चांगली शेवभाजी.

आज विचारलं कुणी की तुमचं रुसणं आणि त्यांचं पडणं यात फरक काय, तर मी ते ताट सांगते. माझ्या रुसण्याला कारण होतं आणि ते लाच खात होतं. अक्कांना दुःख झालं नव्हतं. त्यांना भूक, झोप, रडू, काहीच होत नव्हतं, आणि ते आठवडेच्या आठवडे चाललं होतं.

गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनी उदासपणाच्या गोळ्या दिल्या. त्यांना दोष नाही. त्यांना आम्ही पडून राहणं सांगितलं, न जेवणं सांगितलं. भरीत कुणी सांगितलंच नाही. तो सुखाचा भाग होता. डॉक्टरकडे जाऊन सुख कोण सांगतं?

गोळ्यांनी अक्का उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, उडाल्या. भर उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायला लागल्या, आधी स्वतःचे, मग माझे, मग ज्यांनी पीठ पाठवलं त्यांचे. आणि पीठ सगळ्यांनी पाठवलं. शकूवहिनींचा निरोप घरोघर फिरला: अक्का फॉर्मात आहेत तोवर उरकून घ्या. ऊन डोक्यात जात होतं, आवाज बसला होता, दंडाची कातडी लोंबायला लागली होती, तरी आमची पातेली जिना चढतच होती. एक दिवस शकूवहिनींनी गच्चीत उभं राहून म्हटलं, "अक्का, माझे जरा जाड झाले हो." अक्कांनी पातेलं उचललं आणि पिठासकट खाली रस्त्यावर फेकलं. मग शकूवहिनींच्या माहेरापासून सासरपर्यंत जे जे माहीत होतं ते सगळं, बसलेल्या आवाजात, खणखणीत सांगितलं. अक्कांना कधी कुणाला वेडंवाकडं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं.

आमच्या पिठावर हात चालत होता तोवर तो गुण होता. पातेलं रस्त्यावर पडल्यावर रोग झाला.

नानांनी जळगावच्या मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मला म्हणाले, "तुम्ही बरोबर या, तुमचं ती ऐकते." ऐकत नव्हत्या, पण मला बरं वाटलं. धुळ्यात असा डॉक्टर नव्हता असं नाही. पण धुळ्यात कुणी पाहिलं असतं. गल्लीत सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय. मी ओळख पटू नये म्हणून भल्यामोठ्या काळ्या काचांचा चष्मा लावला. एरंडोलच्या स्टँडवर एक बाई लांबून ओरडली, "अगं, डोळे आले का तुझे?"

दवाखान्यात जाऊन बसलो तर समोर आमच्याच मागच्या गल्लीतले गृहस्थ, शेजारी त्यांचा तरणा मुलगा. क्षणभर कुणी कुणाला ओळखेना. मग ते म्हणाले, "दात दुखतोय याचा." नाना म्हणाले, "हिचाही." ते म्हणाले, "इकडे दाताचे चांगले आहेत." दरवाज्यावर पाटी एवढी मोठी होती. अक्का तेव्हा तारेतच होत्या. त्या खदाखदा हसल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बठ्ठा देवपूरना दात किडनात का?" हसले सगळे. त्या मुलानेसुद्धा वर बघितलं.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. पडून राहण्याबद्दल त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्याआधी कधी या फार आनंदात होत्या का? नेहमीपेक्षा जास्त?" मी हौसेने भरीत सांगितलं. टेम्पो, कारखाना, दुबई, सगळं रंगवून. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "झोप किती होती तेव्हा? आणि हे मागच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? तेव्हा तर त्या छान होत्या."

"त्या तेव्हाच आजारी होत्या," डॉक्टर म्हणाले. "लोक पेशंटला पडल्यावर आणतात. वर चढलेला असताना त्याच्याकडे जेवायला जातात."

मग त्यांनी तो शब्द उच्चारला आणि समजावून सांगितलं. मूड सगळ्यांचे बदलतात, सकाळचा संध्याकाळी राहत नाही. इथे मेंदूतलं झोपेचं, वेगाचं, उमेदीचं गणितच सरकतं, आणि ते दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. नुसती उदासपणाची गोळी दिली तर असा पेशंट दुसऱ्या टोकाला फेकला जाऊ शकतो. लिथियम सुरू करू, मधूनमधून रक्त तपासावं लागेल, पाणी भरपूर प्यायचं, उन्हाळ्यात तर फारच, आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. "हात थोडे थरथरतील. सांगा मला, डोस बघू."

नानांनी विचारलं, "किती थरथरतील?" बायकोचे मांडे त्यांना आठवले असणार.

औषध लागू पडायला वेळ लागला, पण लागू पडलं. अक्का परत उंबऱ्यावर बसायला लागल्या, एक पाय आत, एक पाय बाहेर. गालात लवंग आली. झोपत, उठत, दोन पोळ्या खात. कुणी गेलं तर बोलत, नाही गेलं तर बोलावत नसत. कुणी काम सांगितलं तर कधीकधी चक्क नाही म्हणत. आणि तांब्या घेताना हात बारीक थरथरत असे. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला, थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. अक्का हाताकडे बघून म्हणत, "हात मन्हा शे, पन ऐकस दुसरानं."

गल्ली नाराज झाली. "अक्का पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत." "गोळ्यांनी मेंगळट करून टाकली बाईला." मी सांगून दमले की अहो, ही पहिल्यासारखीच आहे, तुम्ही हिला बघितलंच नव्हतं, तुम्ही भरीत बघितलं होतं. शकूवहिनी म्हणत, "तुम्ही बी.ए. ना, तुम्हाला जास्त कळतं." ऐकणाऱ्याला शिव्या देता येतात. न ऐकणाऱ्याला काय द्यायचं?

मग आखाजी आली. शकूवहिनींची नवी लग्न झालेली लेक पहिल्यांदा माहेरी येणार होती, बरोबर जावई. त्या अक्कांकडे जाऊन बसल्या. "तुमच्या हातचा मांडा नाही तर काय सण? दोन आठवडे गोळी नाही घेतली तर काय होतं? मी पण बीपीची विसरते की." अक्कांनी गोळ्या बंद केल्या. मला नाही सांगितलं, नानांना नाही सांगितलं. हात थरथरायचे थांबले, आणि आखाजीला असे मांडे झाले की जावई खापराजवळच पाट मांडून बसले. मी पण खाल्ले. खाताना एकदा मनात आलं, आज अक्कांचा हात कसा इतका स्थिर. मग आमरस आला आणि मी तो विचार आमरसात बुडवला. तज्ज्ञ होते ना मी.

पुढच्या आठवड्यात अक्का डबाभर मांडे घेऊन नानांना द्यायला दीपनगरला निघाल्या. जळगावला रेल्वेत बसल्या, भुसावळला उतरायच्या त्या उतरल्याच नाहीत. बोदवड स्टेशनवर सापडल्या. फलाटावर मोकळे केस, अनवाणी, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून हवेत हात फिरवत मांडा कसा करायचा ते शिकवत होत्या. डबा कधीच रिकामा झाला होता. माझा भाऊ तिथे कुणाला तरी पोचवायला आला होता. त्याने ओळखलं आणि घरी नेलं. मला फोन करून म्हणाला, "तुझी शेजारीण आहे इथे. पाय सोलपटलेत. आणि बोलायचं थांबत नाहीये. काय करू?" माझ्या माहेरच्या ओट्यावर अक्का माझ्या आईला दुबईचा कारखाना समजावून सांगत बसल्या होत्या.

त्यानंतरचं पडणं फार खोल होतं. त्याबद्दल मी एवढंच लिहीन की एका दुपारी अक्कांनी जगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि नाना त्या दिवशी रजा टाकून घरी होते म्हणून ते राहिलं. दवाखान्यात त्या बरेच दिवस होत्या. नानांनी नोकरी लवकर सोडली. मी जाऊन शकूवहिनींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मी काय जबरदस्ती केली होती? मांडे तर तुम्हीही खाल्लेत."

त्यांचं हेच मला सोसत नाही. त्या खरं बोलतात.

खोटं कशाला बोलू, मला अक्कांचाही राग यायचा. पुढे वर्षानुवर्षे तोच खेळ. बरं वाटलं की म्हणत, आता कशाला गोळी? आणि गोळी लागायची तेव्हा ती उचलायची इच्छा नसे. मी चिडले की उंबऱ्यावरून म्हणत, "वं बोदवडवाली, तू बी घेय ना एक. तुन्हं बी डोकं तपेल शे." एकदा म्हणाल्या, आणि तेव्हा त्या ना वर होत्या ना खाली, "तुले काय माहीत. ते दिवस असतस ना वरना, तठे देव भेटस. गोळी खाईसन मी देवले 'नको' म्हनस, रोज." मानसशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न नव्हता.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. न्यूमोनियाने, पंचाहत्तरी ओलांडून, अगदी कुठल्याही म्हाताऱ्या माणसासारख्या. मला त्याचं जेवढं रडू आलं तेवढंच समाधान वाटलं, आणि हे समाधान कुणाला सांगावं तर समजणार नाही. शकूवहिनी तिथेही म्हणाल्या, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, शरीर किती सोसणार?" मी त्यांच्या शेजारून उठून दुसरीकडे बसले.

माझ्यासाठी अक्का त्याच्या आधीच्या आखाजीच्या आहेत. मी तोवर लेकीकडे जळगावला राहायला आले होते, सणाला म्हणून देवपुरात गेले होते. शकूवहिनींच्या घरी आता नातीचा नवरा यायचा होता. त्याच शकूवहिनी, केस पांढरे झालेले, अक्कांच्या ओट्यावर बसून तोच मंत्र म्हणत होत्या. "चारच दिवस हो अक्का. तुमच्या हातचा शेवटचा मांडा म्हणून." बरोबर आणखी तिघी-चौघी. नाना आतून बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी नुसता हात वर केला. थरथरता हात.

"करस," म्हणाल्या. "आतेच."

कणीक भिजवायला, पुरण शिजवायला, खापर मांडायला लावलं. चूल पेटली. अक्का तिच्यापुढे बसल्या, नानांना हाक मारली, "मन्ही गोळी लया." नानांनी गोळी आणि तांब्या दिला. सगळ्यांच्या देखत गोळी तोंडात टाकली. तांब्या दोन्ही हातांनी धरून ओठाला लावला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. मग गोळा हातावर घेतला.

मांडा फिरायला लागला. कोपरापर्यंत आला आणि हात हलला. मधोमध फाटला. अक्कांनी तो तसाच खापरावर टाकला, भाजला, तूप सोडलं आणि शकूवहिनींच्या ताटात वाढला. "खा. पोटमा जाईसन बठ्ठा सारखाच शेतस."

शकूवहिनींनी खाल्ला. काय करतील? चांगला झाला होता.

दुसरा गोळा घेतला. तोही फाटला, पहिल्याहून मोठा. या वेळी अक्कांनी तो लगेच खापरावर टाकला नाही. दोन्ही हातांवर पडद्यासारखा तोलून तोंडासमोर धरला. कडा थरथरत होत्या, पुरणाचा पिवळा उजेड पडला होता, आणि त्या भोकातून अक्कांचा एक डोळा, अगदी जागा, आमच्यातल्या एकेकीकडे सावकाश बघत चालला होता.